हेमराजचं सोनकवच

मयुरीने सातव्या घरात सोनकवच बसवलं, तेव्हा जीनतला आधी बरंच वाटलं. चला, पोरीला अक्कल आली, स्वतःसाठी काहीतरी भक्कम घेतलं. मग तिची नजर स्क्रीनवरच्या खालच्या बारीक अक्षरांवर गेली आणि तिने खुर्ची ओढून पुढे घेतली.

"मयुरी, नेम चुकलाय. कवचाचा नेम 'समोरचा' असा झालाय. 'स्वतः' कर."

"चुकला नाही. केलाय."

"म्हणजे फायनलला तू हे कवच हेमराजवर टाकणार?"

"हो."

"ज्याच्या नावानं तू कडाकडा बोटं मोडतेस, त्याला वाचवणार?"

"थोडा वेळ," मयुरी म्हणाली.

जळगावात जीनतच्या भावाचं, शेहजादचं, गेमिंगचं दुकान आहे. खाली सायकलींची दुरुस्ती, वर ओळीने कॉम्प्युटर. दुपारी तिथे कॉलेजची पोरं नसतात, म्हणून या दोघी तेव्हा बसायच्या. मयुरी मूळची यावलकडची, केळीवाल्याच्या घरची. जळगावात एका लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायची नोकरी, सकाळची पाळी संपली की थेट इथे. आणि ज्या गेमपायी हे सगळं रामायण झालं तो 'अग्निकोट'. किल्ले, राक्षस, मांत्रिक असला सगळा मामला. आपल्याच इकडच्या कुणी पोरांनी बनवलेला, त्यामुळे मंत्रांची नावंही आपल्याला कळतील अशी. वणवा म्हणजे आग. नागफास म्हणजे समोरच्याचे पाय बांधले. ओलं घोंगडं म्हणजे आगीपासून बचाव. लढाईला उतरताना प्रत्येकाला सात घरं मिळतात. त्यात मारायचे मंत्र किती भरायचे आणि वाचायचे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि एकदा कुलूप लावलं की लढाई संपेपर्यंत बदल नाही. भलेभले लढताना हरत नाहीत हो. ते इथेच हरतात, घरं भरताना.

मयुरीने चार घरं मारायला दिली होती. नागफास होता. उपसा होता, तो समोरच्याचं तेज खेचून घेतो, आणि तेज संपलं की कितीही मोठा मांत्रिक असो, त्याच्या हातून काडी पेटत नाही. तिसरी गारपीट. गारपीट तिचा लाडका मंत्र. केळीवाल्याच्या घरात जन्म घेतलेल्या पोरीला गारपीट काय करते ते शिकवावं लागत नाही. आणि चौथी वीज, शेवटच्या घावासाठी. वाचायला फक्त दोन घरं: मातीचा बांध आणि ओलं घोंगडं. हेमराज आगीशिवाय दुसरं काही जाणत नाही, तेव्हा एवढं पुरे, असा तिचा हिशेब. राहिलं सातवं. ते कुणीही शहाणं माणूस स्वतःच्या अंगावर पांघरेल. हिने ते शत्रूला देऊन टाकलं.

"ऐक माझं," जीनत म्हणाली. "त्या घरात अजून एक घोंगडं घे. नाहीतर धूळवादळ घे. कवच चढलं की त्याला ओरखडासुद्धा निघत नाही, आणि तेवढ्यात तो तुझी राख करेल."

"कवच चढलं की त्याची अक्कल उतरते. मला माहीत आहे. तीन वर्षं मीच चढवत होते ना."

आता हे तीन वर्षांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हेमराज धुळ्याचा. बापाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, पोरगा एकुलता, बोलायला गोड. गेममध्ये त्याचं नाव 'हेमास्त्र', मयुरीचं 'केळफूल'. दोघं असेच एका लढाईत भेटले आणि जोडी जमली. तो पुढे धावायचा, आग ओकायचा. ही मागे उभी राहून त्याच्यावर सोनकवच टाकायची. एक संपायच्या आत दुसरं, दुसरं संपायच्या आत तिसरं. हेमराज मागे वळून कधी पाहायचा नाही. हेडफोनवर नुसता म्हणायचा, "मयू, टाक ना," आणि कवच आलेलं असायचं. तो स्वतः बचावाचा एकही मंत्र शिकला नाही. सगळे गुण माऱ्यात ओतले. कशाला शिकेल? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मिळत असल्यावर दळण कोण दळतं?

मग त्याने या लढायांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. त्यात हेमास्त्र सोन्यासारखा झळकत राक्षसांच्या घोळक्यात शिरायचा आणि तसाच्या तसा बाहेर यायचा. लोक वेडे झाले. धुळ्यापासून रावेरपर्यंत पोरांच्या तोंडी एकच, हेमास्त्रचं सोनकवच. केळफूल व्हिडिओत कुठे दिसायची नाही, कवच कुणी टाकलं ती पडद्यावरची ओळ दिसायची नाही, आणि हेमराजची "मयू, टाक ना" ही हाकही तो कापून टाकायचा. मयुरीला ते दिसत होतं. पण तोवर दोघांची लग्नाची बोलणी चालली होती, साखरपुडा झाला होता, आणि प्रेमात पडलेल्या माणसाला स्वतःचं नाव गेलेलं कळत नाही. माझं-तुझं काय करायचं, असं ती स्वतःलाच समजवायची. मूर्ख पोरगी. पण त्या वयात कोण शहाणं असतं?

साखरपुड्यानंतरच्या श्रावणात हेमराजच्या आईने, सुनंदाबाईंनी, तिला कानबाईच्या सणाला धुळ्याला बोलावलं. खान्देशात कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घर सारवून-रंगवून काढतात, भाऊबंद कुठे असतील तिथून येतात, आणि घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी घालून जो गहू दळतात त्याचे देवीच्या प्रसादाचे रोट होतात. ते रोट भाऊबंदकीच्या बाहेर जात नाहीत. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न करून दिलेल्या पोटच्या लेकीलासुद्धा नाही. मयुरीच्या घरीही कानबाई बसते. तिला हे सगळं पाठ होतं.

तरी तिने रोट खाल्ला. कारण तो हेमराजने दिला. सगळे देवीपुढे गाणी म्हणण्यात दंग होते, हा मागच्या ओट्यावर आला आणि रोटाचा तुकडा तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "खा. आता तू घरचीच ना." ती नको म्हणाली. तो म्हणाला, "मी देतोय ना." तिला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. नवऱ्यामुलाने आपल्याला कुळात धरलं, हळद लागायच्या आधीच धरलं, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तिने तो तुकडा खाल्ला.

सुनंदाबाईंनी तिच्या हातातला उरलेला घास पाहिला.

"हाऊ रोट कोनी दिधा तुले?"

ओट्यावर भाऊबंद गोळा झाले. चुलत्या आल्या, आत्या आल्या. हेमराज तिथेच खाटेवर बसला होता, हातभर अंतरावर. मयुरीने त्याच्याकडे पाहिलं. तिने त्याचं नाव घेतलं नाही, कारण तो स्वतःच बोलेल अशी तिची खात्री होती. एवढंच तर म्हणायचं होतं, आई, मी दिला. हेमराजने मोबाईल काढला आणि त्यात बघत बसला. सुनंदाबाईंनी पुन्हा विचारलं. तो मूग गिळून बसला. मग आत्या म्हणाली, पोरगी हावरी शे, देवीचा मानबी धरत नई. तरीही तो वर बघेना.

पुढच्या आठवड्यात धुळ्याहून निरोप आला, सोयरीक मोडली म्हणून. हेमराजचा एक मेसेज आला, आईला कोण समजावणार, सॉरी. मयुरीच्या आईने अंथरूण धरलं. यावलमध्ये ज्याने त्याने चघळून चघळून ती गोष्ट पातळ केली. आणि वर कडी म्हणजे, महिन्याभराने हेमराज लाईव्ह खेळत असताना कुणीतरी त्याला विचारलं, ती केळफूल नावाची पोरगी तुमच्यासोबत असायची, ती कुठे गेली? हेमराज हसला. म्हणाला, "ती? ती बघायला यायची."

त्या दिवशी मयुरीच्या अंगाचा तिळपापड झाला तो आजतागायत. रडून झालं होतं तिचं. आता तिला सूड पाहिजे होता, आणि तो पाहिजे होता हे सांगायला ती लाजत नव्हती. जी केळफूल मागे उभी राहून कवच टाकायची, तिने मारायचे मंत्र मुळापासून शिकायला घेतले. हरली, मार खाल्ला, पुन्हा शिकली. धुळ्याला 'अग्निकोट'ची मोठी स्पर्धा होणार आणि हेमराज उतरणार असं कळल्यावर तिनेही नाव दिलं. आधीच्या फेऱ्या घरबसल्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या. फायनलला दोघं उरले, हेमास्त्र आणि केळफूल. फायनल धुळ्याच्या सभागृहात, लोकांसमोर.

जिंकायचं तर होतंच. पण नुसतं जिंकून तिचा जीव थंड होणार नव्हता. ज्या माणसांपुढे तो गप्प बसला, त्याच माणसांपुढे त्याचं सोनकवच कुणाचं होतं ते उघडं पडायला पाहिजे होतं. सातवं घर त्यासाठी होतं. आणि ते वाया गेलं, कवच टाकून ती हरली, तर लोक काय म्हणतील तेही तिला ठाऊक होतं. म्हणतील, बघा, अजून जीव अडकलाय, लढताना पण त्यालाच वाचवते. मग तर यावलमध्येच काय, जळगावातही तोंड दाखवायला जागा नाही.

"हे बघ," जीनत म्हणाली, "माझी दुश्मनी असती ना, मी सातही घरांत आग भरली असती."

"त्याने तो मरेल. मला नुसतं मारायचं नाही त्याला."

जीनतने माऊस तिच्या हातात दिला. "लाव कुलूप. पण हरलीस तर परतीच्या गाडीत माझ्याशी बोलू नको."

मयुरीने कुलूप लावलं.

रविवारी सकाळी दोघी एसटीने निघाल्या. थंडी मी म्हणत होती. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा जीनत चहा आणायला उतरली आणि तेवढ्यात मयुरीच्या वडिलांचा, रतिलालआबांचा फोन आला. आबा साधा माणूस. पोरीची सोयरीक मोडली तेव्हा तो भांडला नाही, नुसता बागेत जाऊन बसायचा.

"पोरी, जाऊ दे ना आता," आबा म्हणाले. "तुले काय कमी हाये? काहून त्या लोकायच्या तोंडी लागते?"

"जाऊनच राह्यली ना आबा. धुळ्याले."

"जेवून घेजो," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

सभागृह खचाखच भरलं होतं. निम्म्याहून जास्त पोरं हेमराजच्या नावाची, काहींच्या अंगात त्याचं चित्र छापलेले सोनेरी टी-शर्ट. पहिल्या रांगेत सुनंदाबाई बसल्या होत्या, नवं कोरं पातळ, बाजूला दोन चुलत्या आणि ती आत्या. मयुरीला पाहून त्यांनी मान दुसरीकडे केली. बरं झालं, मयुरीला वाटलं. आल्या ते फार बरं झालं.

स्टेजवर समोरासमोर दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, मागे भलामोठा पडदा. आयोजकांनी दोघांना हेडफोन दिले आणि सांगितलं की माईक उघडे राहतील, तुमची शाब्दिक चकमक लोकांना ऐकू गेली पाहिजे, तेवढीच गंमत. हेमराज वर्षभरात भरला होता. दाढी कोरलेली, हातात कडं. तो मयुरीकडे बघून ओळखीचं हसला, जणू कालच बाजारात भेटले होते. ती हसली नाही.

पडद्यावर दोघांची घरं दाखवली. हेमराजच्या सातही घरांत मारा. वणवा, निखारे, ज्वालाबाण, सगळी आगच आग. वाचायला एक मंत्र नाही. लोकांत कुजबुज झाली. माईक घेतलेल्या निवेदकाने विचारलं, "हेमराजभाऊ, सोनकवच कुठंय? पब्लिक त्याच्यासाठी आलीये."

हेमराज खुर्चीत रेलून म्हणाला, "समोर पोरगी शे. कवच कसाले लागी?"

सभागृह हसलं. सुनंदाबाईही हसल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय? मयुरीची घरं पडद्यावर आली तेव्हा कुणी नीट वाचलीही नाहीत. तिचं सोनकवच दिसलं, पण पोरगी आहे, घेणारच, एवढंच लोकांना वाटलं. नेम कुणावर आहे ते पडद्यावर येत नाही.

लढाई सुरू झाली.

हेमराज नेहमीसारखा सरळ अंगावर आला. आल्या आल्या निखारे फेकले. मयुरीने बांध घातला, निखारे मातीत विझले. त्याने ज्वालाबाण मारला, बांध फुटला, तिचा निम्मा जीव तिथेच गेला. टी-शर्टवाली पोरं ओरडायला लागली. "काय केळफूल," हेमराज माईकवर म्हणाला, "बघायला आलीस का?" लोक पुन्हा हसले.

तिने नागफास टाकला. हेमराजचे पाय जागच्या जागी बांधले गेले आणि त्याला सवय नव्हती, कारण तीन वर्षांत त्याला कधी कुणाचा फास लागलाच नव्हता. कवचाखाली लागतो कुठे? तो सुटायला धडपडतोय तोवर तिने गारपीट सोडली. पांढऱ्या गारांनी पडदा भरून गेला. हेमास्त्रचा जीव सर्रकन खाली आला, लाल झाला, लाल होऊन लुकलुकायला लागला. सभागृहातला आवाज बसला.

आता एक वीज आणि खेळ खलास. मयुरीला दिसत होतं. स्टेजच्या कडेला उभी जीनत हाताने खुणा करत होती, मार, मार. हेमराज खुर्चीत पुढे सरकला होता, त्याच्या कपाळावर घाम. पोरगी जिंकली असती. टाळ्या पडल्या असत्या. हेमराज म्हणाला असता, नशीब नव्हतं आज, आणि सोनकवच असतं तर दाखवलं असतं. आणि त्याचं सोनकवच त्याचंच राहिलं असतं.

मयुरीने वीज मारली नाही. तिने सातव्या घराची कळ दाबली.

हेमास्त्र डोक्यापासून पायापर्यंत सोन्याचा झाला. जी झळाळी धुळ्याच्या पोरांनी शेकडो व्हिडिओंत पाहिली होती, अगदी तीच. आणि पडद्यावर ठळक अक्षरांत ओळ आली: केळफूलने हेमास्त्रवर सोनकवच टाकले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या रांगेतून एक पोरगा मोठ्याने म्हणाला, "अरे, हिचं शे ते." पुढचं कुणी बोलायच्या आत हेमराजने तेच केलं जे मयुरीला पाठ होतं. कवच चढलं, फास गळून पडला, आणि तो आंधळ्यासारखा धावला. मागे पाहायचं नाही, पुढचं मोजायचं नाही, सगळं तेज एका दमात वणव्यात ओतायचं. आग लाटेसारखी तिच्यावर आली. तिने ओलं घोंगडं ओढलं. घोंगडं जळालं, तिचा जीव उतरत उतरत अगदी तळाला गेला. जीनतने तोंडावर हात धरला. आग थांबली तेव्हा केळफूल उभी होती, पण एक चटका लागला असता तर संपली असती.

पण चटका द्यायला हेमराजकडे काही उरलं नव्हतं. थोडंफार होतं ते तिने उपशाने खेचून घेतलं. सोनकवच फिकं झालं, लुकलुकलं, विझलं.

आणि हेमराज थांबला.

पळाला नाही, आडोसा शोधला नाही. भर मैदानात केळफुलासमोर जागच्या जागी उभा राहिला. लोकांना वाटलं, कॉम्प्युटर अडकला. मयुरीला तसं वाटलं नाही. तीन वर्षं कवचाला जरा उशीर झाला की तो असाच थांबायचा, पुढचं येईपर्यंत. त्याची नजर पडद्यावर, बोटं कळींवर तयार, आणि तोंड आपोआप उघडलं.

"मयू, टाक ना दुसरं. कवच संपनं."

उघड्या माईकमधून ते सगळ्या सभागृहात गेलं. शेवटच्या रांगेपर्यंत, दाराशी उभ्या चहावाल्यापर्यंत गेलं. जे बोलणं तो प्रत्येक व्हिडिओतून कापून टाकायचा, ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच गावात, त्याच्या आईसमोर आलं. मयुरीने हे ठरवलं नव्हतं. तिला वाटलं होतं पडद्यावरची ओळ लोक वाचतील, तेवढं पुरेल. त्याच्याच तोंडून निघेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिचं बोटही सातव्या कळीवर गेलेलं होतं. तिला ते खाली बघितल्यावर कळलं. हाक आली की बोट जायचं, इतकी ती सवय हाडात मुरलेली. आणि बोट तिथे पाहून तिला स्वतःचीच चीड आली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. असल्या माणसासाठी हे बोट शिकलं होतं.

तिने बोट उचललं. घाई केली नाही. सगळे पडद्याकडे बघत होते आणि हेमराज अजून उभा होता, वाट बघत. बघू दे. ओट्यावर तिने वाट पाहिली होती, त्याने आज बघावी. मग पहिल्या रांगेतून सुनंदाबाईंचा आवाज आला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हेम्या, काय मांगस तू तिनापाशी?"

हेमराजने मान वर केली. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा समजलं. त्याच्या तोंडावरचा रंग गेला आणि मयुरीला तो जाताना पूर्ण पाहायचा होता, म्हणून तिने तो पूर्ण पाहिला. फार बरं वाटलं तिला. खोटं कशाला बोला, वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. मग तिने वीज मारली.

हेमास्त्र पडला. पडद्यावर केळफुलाचं नाव आलं. टाळ्या आधी कुणी वाजवल्या नाहीत, मग जीनतने वाजवल्या, मग मागून आल्या आणि वाढत गेल्या. सोनेरी टी-शर्टातली पोरं एकमेकांकडे बघत होती. एकाने निवेदकाला ओरडून विचारलं, ते व्हिडिओतलं कवच पण हिचंच होतं का? निवेदक काय सांगणार? तो हेमराजकडे बघायला लागला, सगळेच बघायला लागले.

हेमराज उठून तिच्या टेबलाशी आला. हेडफोन त्याच्या गळ्यात तसाच होता.

"मयू," तो म्हणाला, "दोन मिनिटं बोलायचंय. मी चुकलो. तेव्हाचंपण सांगायचंय मला, ते घरचं."

"सांग. माईक चालू आहे."

त्याने खाली माईककडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्याची आई उभी राहिली होती, चुलत्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मयुरी थांबली. खरंच थांबली. एवढ्या रागातही तिला एकदा वाटून गेलं, बोलेल.

हेमराजने माईकवर तळहात दाबून धरला.

"इथं नको ना," तो कुजबुजला. "आईसमोर नको."

मयुरीने स्वतःच्या माईकवर हात ठेवला नाही.

"तेव्हाही आईसमोरच बोलायचं होतं रे," ती म्हणाली, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.